चुकलेल्या चिठ्ठ्यांची पिशवी

बरोबर उत्तर आलं की अंदाज सरांचा चेहरा थोडा पडत असे. वर्गात कुणी नेमकं बोललं तर ते "बरं" म्हणत आणि पुढच्या बाकाकडे वळत. पण कुणी ठासून, हातवारे करत, सविस्तर चुकलं, की ते टेबलाच्या कडेवर टेकत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "थांबा. हे पुन्हा सांगा. सावकाश." मी वर्षभर त्यांच्या वर्गात बसलो आणि त्या वर्षात त्यांनी मला एकदाही "पुन्हा सांगा" म्हटलं नाही. ही माझी कर्तबगारी. पुष्कळ वर्षं मी ती अभिमानाने सांगत असे. गेल्या महिन्यात सर गेले, तेव्हापासून सांगत नाही.

आणीबाणी उठून गेली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. पेणचं आमचं कॉलेज नवं होतं, निम्म्या इमारतीवर अजून पत्रे होते. त्या वर्षी कॉलेजने एक धाडस केलं. कला आणि वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना आठवड्यातून एक तास भौतिकशास्त्र शिकवायचं ठरवलं. गणित नाही, सूत्रं नाहीत, फक्त जगात काय कसं चालतं त्याची ओळख. वेळापत्रकात त्याला लांबलचक नाव होतं. आम्ही त्याला बिनगणिताचा तास म्हणायचो. विज्ञानाच्या मुलांना तो पोरखेळ वाटे. आम्हाला ती शिक्षा वाटे, कारण मुळात विज्ञानापासून पळूनच आम्ही कला शाखेत आलो होतो. मी तर मॅट्रिकला विज्ञानात जेमतेम सुटलेला माणूस. मराठी साहित्य वाचत आयुष्य काढावं, एवढीच माझी इच्छा होती. पायाखालचं जग कसं चालतं याच्याशी माझं काही घेणं नव्हतं.

हा तास घ्यायला विज्ञानाचे कुणी प्राध्यापक तयार होईनात, तेव्हा तो प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सरांच्या गळ्यात पडला. सर साताऱ्याकडचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोरा, खिळे, गोट्या, कधी एखादं बेअरिंग. पहिल्याच दिवशी ते एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात सुपारी घेऊन वर्गात आले. कुणाच्या तरी लग्नाचं बोलावणं असावं, असं आम्हाला वाटलं. ते टेबलावर चढले आणि म्हणाले, "दोन्ही एकदम सोडणार आहे. आधी खाली काय पोचेल? बोलायचं नाही. लिहायचं. शाईने. पेन्सिलीने लिहिताना माणूस मनातल्या मनात पळवाट ठेवतो."

जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांच्या त्यांनी चिठ्ठ्या कापून आणल्या होत्या. आम्ही नावासकट अंदाज लिहिला; "अंदाज सर" हे त्यांचं नाव तिथूनच पडलं. सगळ्या वर्गाने "नारळ" लिहिलं. सरांनी हात उघडले. एकच आवाज झाला. नारळाची दोन शकलं झाली, सुपारी गडगडत दाराबाहेर गेली. मग सरांनी सांगितलं, "आता खाली दुसरी ओळ लिहा. मला असं का वाटलं. बरोबर काय ते नका लिहू, ते सगळ्यांनी आत्ता ऐकलं. चूक कुणाची तेही मला नको. ती कुठून आली, तेवढं लिहा." तास संपल्यावर खोबरं वाटलं. पुढच्या आठवड्यापासून हजेरी वाढली, ती भौतिकशास्त्रासाठी की खोबऱ्यासाठी, हे सांगता येणार नाही.

चुकलेल्या चिठ्ठ्या सर स्वतःकडे ठेवत. त्यासाठी सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, जुन्या परकराची एक नाडीची पिशवी शिवून दिली होती. बरोबर आलेल्या चिठ्ठ्या ते ज्याच्या त्याला परत करत. "या घेऊन जा. यांचं मला काही काम नाही," म्हणत. पिशवी फुगत गेली. चाचणीचे गुण त्या दुसऱ्या ओळीवर असत. "मोठी वस्तू जोरात पडते, कारण आमच्या आळीत फणस पडतो तेव्हा धरणी हलते," असं लिहिणाऱ्या वाणिज्यच्या एका मुलाला दहापैकी नऊ गुण मिळाले. तो दोन दिवस कॉलर वर करून हिंडत होता.

वर्गात एकच चिठ्ठी "एकदम" अशी होती आणि ती माझी, असं सांगायचा मला मोह होतो. तसं नव्हतं. मीही "नारळ"च लिहिलं होतं. पण सरांनी हात उघडले आणि मी गडबडीत चिठ्ठी खिशात कोंबली. दिलीच नाही. सगळ्यांसमोर चुकणं मला सहन होत नसे. घरी जाऊन मी ती चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो आणि भौतिकशास्त्राचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. असं पुस्तक नेणारा कला शाखेचा हा पहिलाच विद्यार्थी, म्हणून ग्रंथपालांनी कार्डावरचं माझं नाव दोनदा वाचलं. शब्दकोश शेजारी ठेवून मी सरांच्या एकेक धडा पुढे चालत राहिलो. त्यानंतर माझी चिठ्ठी कधी चुकली नाही. बरोबर चिठ्ठ्यांची माझी गड्डी वाढत गेली. ती मी रबर लावून टेबलाच्या खणात ठेवी आणि अधूनमधून मोजी. सर मला "ग्रंथपाल" म्हणू लागले. मला ते कौतुक वाटलं.

सरांचा तास वर्गात सुरू होई, पण तिथे संपत नसे. काकूंचं माहेर रोह्याचं, त्यामुळे सर शनिवारी एसटीने रोह्याला जात. एकदा मीही त्याच गाडीत होतो. सर उभे होते. समोर म्हैस आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि सर तीन माणसं ओलांडून सुकटीच्या टोपलीत बसले. टोपलीवाली बाई भडकली. सर उठले, शर्टावरची सुकट झाडत तिला म्हणाले, "बाई, मी पडलो नाही. गाडी थांबली. मी नुसता चालत राहिलो."

बाई म्हणाली, "मंग माज्या टोपलीतनं चालू नका. रस्ता काय कमी हाय?"

सगळी गाडी हसली. सर सगळ्यांत जास्त हसले आणि रोह्यापर्यंत टोपली मांडीवर घेऊन बसले. पुढच्या तासाला जडत्व शिकवताना त्यांनी पुस्तकातलं उदाहरण घेतलंच नाही. त्या बाईचं वाक्य सांगितलं आणि म्हणाले, "त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचंही खरं आहे."

वर्गात मंजुळा नावाची एक मुलगी होती. खाडीकाठच्या गावातली, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली. रोज पाऊण तास चालून एसटी पकडायची. तिची चिठ्ठी बऱ्याचदा चुकायची आणि तिला त्याचं काहीच वाटायचं नाही, याचं मला आश्चर्य वाटे. पिशवीत सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या तिच्या होत्या. मार्चात एकदा अवेळी पाऊस पडून गेला. तासाला बसता बसता सर सहज म्हणाले, "काल पाऊस झाला. म्हणजे मिठागरातलं पिकत आलेलं पाणी वाया गेलं. गोडं पाणी मिसळलं की पुन्हा पहिल्यापासून."

मंजुळा बसल्या जागेवरून म्हणाली, "नाय सर. मिसळत नाय."

"म्हणजे?"

"पावसाचं पानी वर ऱ्हातं. मिठाचं पानी जड, ते खाली बसतं. आमचे बाबा हलक्या हाताने बांधातली वरची फळी काढतात नि वरचंवर सोडून देतात. ढवळलं तर मंग गेलं."

सरांनी खिशातून चिठ्ठ्या काढल्या. "लिहा. मीही लिहितो." पुढच्या तासाला मंजुळेने मिठागरातलं दाट पाणी बाटलीत भरून आणलं. सरांनी ते काचेच्या बरणीत ओतलं. साध्या पाण्यात निळी शाई कालवून चमच्याच्या पाठीवरून थेंबथेंब वर सोडली. निळा थर साईसारखा वर तरंगत राहिला. तास संपेपर्यंत तो खाली उतरला नाही. सरांनी स्वतःची चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली. वर लिहिलं होतं, "मिसळेल." त्यांनी आमच्यासमोर खाली दुसरी ओळ लिहिली: "मला असं वाटलं, कारण मी घाटावरचा. आमच्याकडे पाऊस मातीत मुरतो. पाण्यावर पडलेला पाऊस मी उभा राहून कधी बघितलाच नाही." ती चिठ्ठी त्यांनी पिशवीत टाकली आणि नाडी ओढली.

बाकीच्यांनी सरांचंच खरं मानलं होतं; त्या दिवशी वर्गात दोनच चिठ्ठ्या बरोबर आल्या. एक मंजुळेची आणि एक माझी. माझ्या इंग्रजी पुस्तकात मिठागर नव्हतं, म्हणून मी शेजारच्या बाकावर मंजुळेचं न थबकणारं पेन बघून तिचंच उतरवलं होतं.

"ग्रंथपाल, तुमचं गाव खाडीकडचं का?" सरांनी विचारलं.

"नाही सर, पेणचाच."

"मग हे कसं?"

"अंदाज, सर."

सर "बरं" म्हणाले आणि चिठ्ठी परत केली. बाहेर पडताना मंजुळा माझ्या कानाशी म्हणाली, "माझ्या बाबांचं मिठागर तुझ्या नावावर झालं वाटतं." मी वहीत तोंड खुपसलं.

माझं बिंग फुटलं ते आमच्याच घरात. माझ्या वडिलांचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पडवी, चार साचे आणि माडीपर्यंत फळ्यांवर ओळीने वाळत ठेवलेले गणपती. सरांना वस्तू कधी कलंडते ते शिकवायचं होतं. ते सगळा वर्ग घेऊन आमच्याकडे आले. एकाच साच्यातल्या दोन मूर्ती, एक भरीव शाडूची, एक पोकळ प्लास्टरची, एका फळीवर ठेवून फळी हळूहळू उचलायची. आधी कुठली पडेल?

वडिलांनी कानांवर हात ठेवले. "गणपती पाडायचा? नाय हो सर. माझ्या घरात नाय."

सर लगेच म्हणाले, "तसं असेल तर नको." पण त्यांचा चेहरा असा झाला, की वडीलच विरघळले. ते आतून दोन तडकलेल्या मूर्ती घेऊन आले. "यांची डोळ्यांची आखणी झालेली नाय. डोळे काढीपर्यंत ती माती. यांना घ्या. पण खाली गादी टाका."

आम्ही गादी टाकली, चिठ्ठ्या लिहिल्या. वडिलांनीही एक चिठ्ठी मागून घेतली आणि "हलकी आधी" असं ठळक लिहिलं. चाळीस वर्षं त्या मूर्ती त्यांनी उचलल्या, ठेवल्या, टेम्पोत चढवल्या होत्या. मीही लहानपणापासून त्यांच्या हाताखाली वावरलो होतो. पोकळ मूर्ती उचलताना हात कसा भसकन वर येतो, हे मला माहीत होतं. माझ्या हाताला तरी "हलकी आधी" असंच वाटत होतं. पण पुस्तकात लिहिलं होतं की वजनावर काही नसतं, आकार आणि बैठक यांवर असतं. मी "जवळजवळ एकदम" असं लिहिलं. सरांनी फळी उचलली. दोन्ही मूर्ती जवळजवळ एकदम गादीवर आडव्या झाल्या.

वडील चकित झाले. माझी चिठ्ठी वाचून माझ्याकडे बघत राहिले. "शिकलास हो," म्हणाले. आवाजात अभिमान होता, पण थोडं परकेपणही होतं. सर माझ्याजवळ आले. माझ्या बोटांना शाडू लागलेला होता. त्यांनी तो बघितला.

"ग्रंथपाल, या मातीत तुम्ही वाढलात. या हाताला काय वाटलं होतं?"

"एकदम पडतील असं, सर."

"हाताला?"

मी बोटांवरचा शाडू पुसू लागलो. सर हळूच म्हणाले, "अंदाज कधीच चुकत नाही, असा माणूस अंदाज करत नसतो. तुमच्या वडिलांची चिठ्ठी मी ठेवून घेतो. त्यात चाळीस वर्षं आहेत." रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. रागावर मला उत्तर देता आलं असतं, निदान मनात.

त्यानंतर तरी मी सुधारायला हवं होतं. पण सहामाहीच्या लेखी परीक्षेत मी पहिला आलो होतो, आणि पहिला आलेला माणूस सहसा सुधारत नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा प्राचार्य आणि संस्थेचे चिटणीस वर्ग बघायला आले. बिनगणिताचा तास पुढे चालू ठेवायचा की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. सर्वांना ते माहीत होतं. सरांनी बरणी, मिठाचं पाणी आणि शाई तयार ठेवली होती. मंजुळेने बोलायचं, असं ठरलं होतं. ती कधी नव्हे ती इस्त्रीची साडी नेसून आली होती. चिटणीस व्यवसायाने वकील, घाईत असलेले. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "वर्षभरात काय शिकलात, ते सांगा बघू कुणीतरी." मंजुळेचा हात वर गेला. पण प्राचार्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. पहिला आलेला मी. त्यांनी मला हाताने खुणावलं.

मी उठलो. बसून राहता आलं असतं. मंजुळेकडे बोट दाखवता आलं असतं. मी उठलो आणि गतीचे तिन्ही नियम, उत्प्लावन, गुरुत्वमध्य, घनता, दाब, सगळं शुद्ध मराठीत, एका दमात, कुठेही न अडखळता सांगितलं. व्याख्या संपल्यावर उदाहरणं दिली. चिटणीस थक्क झाले.

"वा! फारच छान. हे सगळं पाठ करायला किती वेळ लागला हो तुम्हाला?"

सर माझ्याकडे बघत होते. मला मात्र चिटणीसच दिसत होते.

"दोन दिवस, सर," मी म्हणालो.

"दोन दिवस!" चिटणीस प्राचार्यांकडे वळले. "मग वर्षभर तास कशाला आणि या बरण्या कशाला? याच्या नोट्स छापून द्या मुलांना. परीक्षा घ्या की झालं." ते उठले. मंजुळेचा हात अजून वर होता. प्राचार्य तिला "पुढच्या वेळी हं" म्हणाले आणि दोघेही बाहेर पडले. पुढची वेळ आलीच नाही. पुढच्या वर्षीपासून त्या तासाच्या जागी एक पातळ पुस्तिका आली. सर पुन्हा विज्ञानाच्या प्रयोगशाळेत तारा जोडू लागले.

मंजुळेने मला व्हरांड्यात गाठलं. "काय रे, ते दोन दिवसांचं पोटात ठेवता नाय आलं तुला? सहा महिने लागले म्हनाला असतास तर तोंड झिजलं असतं काय?"

"खरं तेच सांगितलं."

"व्हय. वर्षभरात तेवढंच एक खरं सांगितलंस, नि तेपन आजच."

मी सरांकडे गेलो. ते मिठाचं पाणी मोरीत ओतत होते. माफी कशी मागायची, हे मी पुस्तकात वाचलं होतं; तरी मी नुसतं शाईच्या बाटलीचं बूच लावत राहिलो. तेच म्हणाले, "तुम्ही चुकीचं एक अक्षर बोलला नाहीत, ग्रंथपाल. मला काही म्हणायला जागाच नाही." मग त्यांनी पिशवीची नाडी सोडली आणि आत बघत म्हणाले, "या पिशवीत वर्गातल्या प्रत्येकाची चिठ्ठी आहे. माझी आहे, तुमच्या वडिलांची आहे. फक्त तुमची नाही. कधीतरी एक आणून द्या. चुकलेली. तुमची स्वतःची."

मी हो म्हणालो. त्या "हो"ला पुढे किती वर्षं लागणार, याचा अंदाज मला नव्हता.

सरांनी ठेवलेलं नाव नशिबाने मनावर घेतलं. मी बी. ए. झालो, ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केला आणि पेणच्या एका वाचनालयात खरोखरच ग्रंथपाल झालो. लोक येत, कुठल्या पुस्तकात काय आहे ते विचारत आणि मी न चुकता सांगे. चुकण्याचा प्रसंगच येत नसे. निवृत्तीनंतर सर रोह्याला स्थायिक झाले. रोह्यापर्यंत रेल्वे आली, तासाभराचा प्रवास झाला, तरी मी गेलो नाही. दिवाळीला पत्र पाठवी, शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष. मंजुळा मात्र जात असे. ती खाडीकाठच्याच एका शाळेत शिक्षिका झाली होती आणि तिच्या वर्गात मुलं शाईने चिठ्ठ्या लिहीत. एक दिवस तिचा फोन आला. "सरांचं बरं नाय. छातीचं दुखणं हाय. जाऊन ये. नि ऐक, जाताना पुस्तक घेऊन जाऊ नको."

मी गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. काकूंनी दार उघडलं. "या, ग्रंथपाल. खरंच झालात म्हणे." सर खाटेवर उशांना टेकून बसले होते. निम्मे झाले होते. मला बघितल्यावर त्यांनी तब्येतीचं काही बोलू दिलं नाही. काकूंना म्हणाले, "ती लोणच्याची मोठी बरणी आण गं. आणि एक वाटी. आणि तराजूचं वजन."

"पुन्हा सुरू झालं का तुमचं?" काकू म्हणाल्या, पण आणायला गेल्या.

काचेची बरणी पाण्याने अर्धी भरली. वाटीत पितळी वजन ठेवून वाटी पाण्यावर तरंगत सोडली. पाणी जिथपर्यंत आलं, तिथे सरांनी माझ्याकडून बरणीभोवती दोरा बांधून घेतला. "आता हे वजन वाटीतून काढून पाण्यात टाकायचं. वाटी तरंगतच राहील. पाणी दोऱ्याच्या वर जाईल, खाली येईल, की तिथेच राहील? लिहा. शाईने."

हे मी कुठेतरी वाचलेलं असणार. शोधायला गेलो, तर काहीच आठवेना. पुस्तकाचं पान नाही, शेजारी मंजुळा नाही. साठीला आलेला माणूस मी, आणि लोणच्याच्या बरणीसमोर मला घाम फुटला. पण वस्तू पाण्यात टाकली की पाणी चढतं, हे तर दिसतंच. मी लिहिलं, "वर जाईल." नाव घातलं. खोडलं नाही.

काकूंनी चिमट्याने वजन उचललं आणि पाण्यात सोडलं. ते तळाला जाऊन टेकलं. रिकामी वाटी टुणकन वर आली. आणि पाणी दोऱ्याच्या खाली उतरलं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "थांबा," ते म्हणाले. "पुन्हा सांगा. तुम्हाला काय वाटलं होतं? सावकाश सांगा." आणि मग ते हसायला लागले. इतके हसले की खोकल्याची उबळ आली. काकूंनी पाठ चोळली, मला रागावल्या, त्यांना रागावल्या. सरांनी हात पुढे केला आणि चिठ्ठी घेतली. "खाली दुसरी ओळ?"

"सर, विचार करून पुढच्या खेपेला लिहितो."

"लिहा. घाई नाही."

घाई होती. ती मला कळली नाही. आठवड्याने जाणार होतो, वाचनालयात पुस्तकमोजणी निघाली, मग तीन आठवडे झाले. मंजुळेचा फोन आला तेव्हा मी कपाटं मोजत होतो.

दहाव्यानंतर रोह्याला गेलो. काकू म्हणाल्या, "शेवटचे तीन आठवडे ती तुमची चिठ्ठी उशाखाली होती. दूधवाल्याला दाखवली. डॉक्टरांना दाखवली. इंजेक्शन द्यायला आलेल्या मुलीला म्हणाले, बघ, आमचे ग्रंथपाल चुकले. तिला काय कळणार? पण तीही हसली." त्यांनी पिशवी आणली. परकराचं कापड विटलं होतं, नाडी बदललेली होती. वरच माझी चिठ्ठी होती.

मी ती नेण्यासाठी मागितली. काकूंनी मान हलवली. "ती नाही मिळायची. ती त्यांची. बरोबर आलेल्या ते परत देत असत, चुकलेल्या नाही. काही लिहायचं राहिलं असेल तर इथे बसून लिहा."

मी खाटेशेजारच्या खुर्चीत बसलो. बरणी खिडकीत तशीच होती, दोरा तसाच बांधलेला. आत आता लिंबाचं लोणचं होतं. मी पेन काढलं. बराच वेळ लागला. मग लिहिलं: "मला असं वाटलं, कारण वजन पाण्यात पडताना मी बघत होतो. ते वाटीतून गेलं, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

काकूंनी चिठ्ठी हातात घेतली, खिडकीकडे धरून वाचली. पुन्हा एकदा वाचली. मी ती घडी घालून पिशवीत टाकायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "शाई वाळू दे."